पिशवी टाकून धरलेली जागा

दिवस पहिला, शुक्रवार

खरं सांगायचं तर ही ट्रिप नव्हतीच, आईचा हट्ट होता. बाबा नोव्हेंबरमध्ये गेले, सगळं आळंदीला झालं, पण आईच्या डोक्यात एकच, नाशिकच्या उपाध्यांच्या वहीत त्यांचं नाव लिहून यायचं. सासऱ्यांचं आहे, आजेसासऱ्यांचं आहे, मग यांचं का नको. मी म्हटलं फोनवर सांगू, हल्ली सगळं फोनवर होतं, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप चार दिवसांची सुट्टी टाकली. मग पुढचं वाक्य आलं, "नाशिकला जातोच आहोत तर सप्तशृंगी गडावर पण जाऊन येऊ." तिचं हे 'जातोच आहोत तर' फार डेंजर असतं, त्यात आमचं अर्ध्याहून जास्त महाराष्ट्र दर्शन झालंय.

पुणे-नाशिक 210 किलोमीटर. दोन्ही गावांमध्ये सरळ रूळ टाकायची चर्चा मी शाळेत असल्यापासून ऐकतेय, अजून आपली एसटीच. वाकडेवाडीवरून सकाळी निघालो, नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरीचा घाट, संगमनेर, सिन्नर. आईला आळेफाटा आला की दरवेळी सांगावंच लागतं की इथून आत ओतूर, आपलं गाव. मला माहितीय, माझ्या आधार कार्डवर नाही पण डोक्यात कोरलेलं आहे. ती सांगते, मी हो म्हणते.

सामान म्हणजे एक चाकांची बॅग, माझी सॅक आणि आईची ती पिशवी. साडीच्या दुकानातली मरून कापडी पिशवी, तिला आईनेच वरून चेन शिवून घेतलीय. त्यात इन्सुलिनचं पेन, जादाची दोन कार्ट्रिज थंड राहायच्या पाऊचमध्ये, शुगर मोजायचं मशीन, स्ट्रिप्स, शुगर खाली गेली तर म्हणून ग्लुकोज बिस्किटं आणि एक वही. पिशवी आई कुणाच्या हातात देत नाही. वर रॅकवर ठेवू का म्हटलं तर मांडीवर घट्ट.

नाशिकमध्ये शिरताना द्वारका चौकात अर्धा तास अडकलो. 2027 च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत म्हणे, जिथे तिथे खोदलंय. ठक्कर बाजारला उतरलो तेव्हा साडेतीन वाजले होते. लॉज, चहा, झोप. संध्याकाळी गंगेवर. नाशिकची माणसं गोदावरी म्हणतच नाहीत, गंगाच म्हणतात, रिक्षावाल्याला गोदाघाट म्हटलं तर तो म्हणाला "म्हणजे गंगेवर ना?" तिथे दुतोंड्या मारुती बघितला. पावसाळ्यात पाणी किती चढलं हे नाशिककर याच्यावरून सांगतात, कमरेला लागलं, छातीला लागलं, खांद्यापर्यंत आलं. आई म्हणाली, आपल्याकडे मुठेला पाणी सोडलं की क्युसेक सांगतात, ते कुणाला कळतं, हे बरंय.

दिवस दुसरा, शनिवार

सकाळी सीबीएसवरून, म्हणजे जुन्या एसटी स्टँडवरून, गडाची गाडी. दिंडोरी, वणी, नांदुरी आणि मग घाट. दिंडोरी सोडली की दोन्ही बाजूंनी द्राक्षांचे मांडव, फेब्रुवारीमुळे माल तयार होता आणि बऱ्याच बागांमध्ये घडांना कागद बांधले होते, लांबून बघितलं तर हजारो पुड्या टांगल्यासारख्या. शेजारच्या सीटवरचे काका म्हणाले, थंडीत मणी गुलाबी पडतात म्हणून बांधतात, गुलाबी पडले की एक्स्पोर्टवाला घेत नाही. गुलाबी द्राक्ष वाईट कसं असेल असं मला वाटलं पण मी बोलले नाही.

सप्तशृंगी म्हणजे साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ. आधी पायऱ्याच होत्या, पाचशेच्या आसपास, 2018 पासून रुळांवरून चढणारी ट्रॉली आहे, आईच्या गुडघ्यांसाठी वरदान. पाच मिनिटांच्या आत वर. देवी कड्यातच कोरलेली, अठरा हातांची, केवढी तरी उंच, मान जराशी कलती. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगतात ते ऐकायला तिने मान वळवलीय असं सांगतात. 2022 साली अंगावरचं शेंदराचं जाड कवच काढलं, तेव्हापासून मूळ रूप दिसतंय. आई आधी आली होती ती लग्नानंतर, ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं हिचा चेहरा आता कळतोय."

खाली आम्ही ओटीचं ताट घेतलं होतं. खण, नारळ, हळदकुंकू, बांगड्या. ट्रॉलीतून उतरताना आईने ते माझ्या हातात दिलं आणि रांगेत माझ्या मागे जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, तू भर ना. "तूच भर." एवढंच. बाबा असताना गावातल्या प्रत्येक देवळात पहिली ओटी हिची असायची. मला काहीतरी बोलायचं होतं पण मागून रेटारेटी चालू होती, पुढे चला पुढे चला, आणि मी ओटी भरून टाकली.

आता परतीची गाडी. इथून खरी गोष्ट सुरू होते.

स्टँडवर एक गाडी आणि चार गाड्यांची माणसं. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून देवीच्या गाडीला बायकांची गर्दी विचारू नका, आणि चांगलंच आहे, आम्हीपण त्याच अर्ध्या तिकिटावर. गाडी लागते न लागते तोच आईने बाहेरूनच खिडकीतून पिशवी आत टाकली, सीटवर. तीच पिशवी, जी माझ्या हातात पण देत नाही. जागा धरायची म्हटल्यावर माणसाचं काय होतं कुणास ठाऊक. धक्के खात आत पोचलो तर त्या सीटवर एक मावशी बसलेल्या, साठीच्या, हिरवं नऊवारी, पायाशी दोन गोण्या, आणि आईची पिशवी सीटखाली.

"ओ बाई, इथं पिशवी ठेवली होती, दिसली नाही का?"

"दिसली ना. म्हणून तर बाजूला ठेवली."

"जागा धरली होती आम्ही."

"पिशवीचे गुडघे दुखू राहिले का? माझे दुखू राहिले."

मागचे दोघं हसले, आणि आईला कुणी हसलेलं अजिबात चालत नाही. मग जे सुरू झालं ते काय सांगू. शहरातली माणसं, खेड्यातली माणसं, आम्ही काय फुकट बसलोय काय, अर्धं तिकीट तुम्हालाबी आन मलाबी. शेवटी कंडक्टर म्हणाला, दोन्ही आई एका सीटवर बसा नाहीतर दोघींना खाली उतरवतो. बसल्या. पण संपूर्ण घाट एकीचं तोंड खिडकीकडे, एकीचं माझ्याकडे. मी उभी, दांड्याला लटकून, आणि आई माझ्याकडे बघून डोळ्यांनी भांडतेय.

वणीला गाडी थांबली तशी आई उठली. "चल, इथल्या जगदंबेचं दर्शन घेऊ, पुढची गाडी मिळेल." हे आधी ठरलेलं नव्हतं. तिला फक्त त्या सीटवरून उठायचं होतं. मी सॅक सावरत मागून उतरले, मागे कुणीतरी "ओ बाई, ओ" असं ओरडलं ते मला ऐकू आलं होतं, हे मी आज कबूल करते. मला वाटलं आता आणि काहीतरी टोमणा असेल. मी मागे वळून बघितलंच नाही.

देवळातून बाहेर येऊन जेवायला बसलो. आई जेवणाआधी इंजेक्शन घेते. "पिशवी दे." माझ्याकडे कुठे पिशवी.

पुढचा अर्धा तास मी नीट सांगू शकत नाही. स्टँडवर पळाले, चौकशीवाले दादा म्हणाले गाडी नंबर सांगा, तिकीट दाखवा, तिकीट मी वाटेत चुरगळून टाकलेलं. त्यांनी तरी माझा फोन नंबर लिहून घेतला आणि एक-दोन ठिकाणी विचारलंसुद्धा. मग मेडिकल. दादाला, म्हणजे माझ्या भावाला, फोन करून प्रिस्क्रिप्शनचा फोटो मागवला, मेडिकलवाल्याने तेच इन्सुलिन तयार पेनमध्ये फ्रीजमधून काढून दिलं, वर बर्फाची पिशवी फुकट आणि "आधी त्यांना खायला द्या, ताई" असा सल्ला. तासाभरात सगळं मार्गी. मला वाटलं संपलं. मशीन नवीन घेता येतं, पाऊच येतो, काय गेलं मोठं? पैसे गेले.

आई मात्र गप्प. नाशिकपर्यंत गप्प, लॉजवर गप्प. रात्री दिवा बंद केल्यावर म्हणाली,

"वही गेली गं."

तेव्हा मला कळलं कुठली वही. आईची शुगर बाबा लिहायचे. रोज सकाळी चहाच्या आधी आईचं बोट ते टोचायचे, आकडा लिहायचे, 2016 पासून. आणि आकडा जास्त आला की शेजारी लाल पेनने कारण. श्रीखंड. बारसं. आमरस, दोन वाट्या. एकदा नुसतंच 'भांडण'. शेवटचा आकडा ऑक्टोबरमधला, त्यानंतर ते स्वतःच हॉस्पिटलमध्ये. पुढची पानं कोरी, आई मशीनवर बघते आणि सोडून देते, वही मात्र रोज बरोबर.

दिवस तिसरा, रविवार

सकाळी मिसळ खाल्ली. नाशिकला येऊन मिसळ न खाणं पाप आहे म्हणून खाल्ली, चुलीवरची, तर्री वेगळी, पापड, दही, पाव मऊ, रस्सा पाहिजे तेवढा. चांगली असावी. मला चव आठवत नाही.

मग पंचवटी. उपाध्यांचा वाडा शोधायला वेळ लागला नाही, गावाचं नाव सांगितलं की लोक घर दाखवतात, कारण गावं वाटलेली आहेत, ओतूरची माणसं ज्यांच्याकडे ती पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडेच. जुना लाकडी जिना, वर एक खोली, आणि भिंतीला लागून लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव, मग आजोबांचं नाव. एक बासन सोडलं, पानं उलटायला लागले. मी मनात म्हणत होते, काही सापडणार नाही, नंतर दक्षिणा आहेच.

वीस मिनिटांत सापडलं. आधी एक नोंद मोडीतली, ती गुरुजींनी वाचून दाखवली, पणजोबांची. मग 1956 चा सिंहस्थ, आजोबा, बाळबोध अक्षर, सही जरा थरथरती, चौथी शिकलेला माणूस. त्याखाली सगळ्या भावांची नावं, त्यांच्या बायकांची, आणि 'चि.' लावून बाबांचं नाव, वय 4. आणि दोन पानं पुढे 1980, तोही सिंहस्थाचाच, बाबा आजीला घेऊन आले होते. त्यांची सही. 'ल' ची शेपटी तशीच, खाली ओढलेली, जी वहीत रोज दिसायची.

आईने त्या सहीवर बोट ठेवलं. गुरुजींना हे रोजचंच असणार, ते खिडकीबाहेर बघत बसले. हा माणूस मला त्यासाठी आवडला, घाई केली नाही आणि बोलले पण नाहीत. मग मी बाबांचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, आईचं, दादाचं, वहिनीचं, माझं, भाचरांची. गुरुजी म्हणाले मुलींची नावं लिहा, आधीच्या पानांवर नाहीत ते लक्षात घेऊ नका. खाली सही केली. माझं अक्षर घाण आहे, आता अजून शंभर वर्षं तिथे राहणार.

रामकुंडावर गेलो, पाण्यात पाय बुडवले. कपालेश्वराला गेलो, शंकराचं देऊळ आणि समोर नंदी नाही, असं दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही. काळारामाला गेलो. 2 मार्च 1930 ला याच देवळात जायला मिळावं म्हणून बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला होता, आणि दलित माणसं बाहेर वर्षानुवर्षं लढत राहिली. आम्ही चपला काढल्या आणि आत गेलो, एवढं सोपं. दर्शन घेऊन पायरीवर बसलो होतो तेव्हा दादाचा फोन आला.

दादाचा आवाज विचित्र. म्हणे काल दुपारपासून बाबांच्या नंबरवर एका अनोळखी नंबरचे सात मिस्ड कॉल. बाबांचा फोन दादाने चालू ठेवलाय, बँकेचे ओटीपी अजून त्यावरच येतात. रात्री एकदा उचलला तर पलीकडून बाई म्हणाली, "तुमची पिशवी सापडलीय, औषधाची, कुठं राहता तुम्ही?" आणि दादाने काय केलं? कट केला. वर नंबर ब्लॉक केला. सायबर फ्रॉडचं लेक्चर तो आम्हाला दर रविवारी देतो, पत्ता विचारला की कट करायचं. मी शनिवारी प्रिस्क्रिप्शन मागवताना पिशवी विसरली एवढंच बोलले होते, ते त्याच्या डोक्यात जुळलंच नाही. मी हसू शकत नाही, वणीला मी पण मागे वळून बघितलं नव्हतं.

तर आज सकाळी दुसऱ्याच नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅप आलं. मजकूर काही नाही, फक्त फोटो. वहीचं पहिलं पान. बाबांच्या अक्षरात आईचं नाव, रक्तगट, 'ही वही सापडल्यास' आणि खाली त्यांचा स्वतःचा नंबर. आईचा नंबर लिहिला नव्हता, आई फोन उचलत नाही म्हणून. दादा म्हणाला, "मी ऑफिसचं काम करत होतो आणि बाबांच्या फोनवर बाबांचं अक्षर आलं." मग तो काही बोललाच नाही.

मी फोन लावला. त्याच मावशी. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाल्या, "आता लागला का फोन? कालपासून करू राहिले. आई कशी आहे तुमची? सुई मिळाली का तिला?"

संध्याकाळी आईने भांडीबाजारातून तांब्याचा एक तांब्या घेतला. दुकानदाराशी घासाघीस केली नाही, म्हणजे बघा.

दिवस चौथा, सोमवार

गावाचं नाव लिहीत नाही, वणी आणि दिंडोरीच्या मधलं आहे. मावशींनी बजावलं होतं, फाट्यावर उतरा, पोरगा येईल. पोरगा म्हणजे माझ्याएवढा बाप्या, बाईकवर, आधी आईला घेऊन गेला मग मला न्यायला आला. घर बागेतच, तिन्ही बाजूंना द्राक्षाचा मांडव.

पिशवी ओसरीवरच्या खुंटीला अडकवलेली होती. पण आत इन्सुलिन नव्हतं. ते आणायला सून आत गेली आणि फ्रीजच्या दारातून एक छोटा स्टीलचा डबा घेऊन आली, झाकण लावलेला. तर झालं होतं असं. मावशींनी वणीहून गाडी सुटता सुटता सीटखाली पिशवी बघितली, ओरडल्या, गाडी चालू झाली होती. कंडक्टर म्हणाला द्या इकडे, डेपोत जमा करतो, तसा नियमच आहे. मावशींनी चेन उघडून बघितली आणि दिली नाही. त्यांच्या मालकांना चार वर्षं सुई चालू आहे. पेन बाहेर चालतं महिनाभर, उन्हात नाही ठेवलं म्हणजे झालं, पण न उघडलेलं औषध गारच पाहिजे आणि डेपोच्या कपाटात ते दोन दिवस पडलं की गेलं, हे त्यांना पक्कं माहीत. कंडक्टरला सांगितलं, कुणी विचारत आलं तर माझ्या घराचा पत्ता द्या. घरी आल्या तर लाईट नाही. दुपारभर नव्हती. मग हळदीचा हा डबा रिकामा करून धुवून पुसून त्यात कार्ट्रिज ठेवली, झाकण घट्ट लावून डबा माठाच्या पाण्यात तरंगत ठेवला आणि माठाला बाहेरून ओलं फडकं. फडकं सुकलं की नातू परत ओलं करायचा. रात्री लाईट आल्यावर फ्रीजमध्ये, तेही दारात, बर्फाजवळ नाही, कारण गोठलं की औषध फुकट जातं. मी पुण्यात राहते, आईच्या औषधाचं सगळं मी बघते असं लोकांना सांगते, आणि मी ते पाऊच दोन दिवस बर्फ न बदलता फिरवत होते.

आईने डबा उघडला. कार्ट्रिजवर हळदीचा पिवळा डाग.

"मला वाटलं तुम्ही शिव्या देत असाल," आई म्हणाली.

"दिल्या की. दिंडोरीपर्यंतच्या माणसांनी ऐकल्या."

"मग एवढं कशाला..."

"भांडण झालं म्हणून तर तोंड ध्यानात राहिलं तुमचं. नायतर यष्टीत कोण कुणाकडं बघतं."

मग मालक आले, बागेतून, हातात पेनासारखंच एक यंत्र. मला वाटलं त्यांचं इन्सुलिन. ते ब्रिक्स मीटर निघालं. एक मणी चिरडून रसाचा थेंब काचेवर टाकला, झाकण लावलं, उजेडाकडे धरून डोळ्याला लावलं. "साडेसतरा. अठरा झाली की तोडा." द्राक्षातली साखर. आईला बघायला दिलं, तिला आत निळी-पांढरी रेघ दिसली. म्हणाली, "हे बरंय, बोट नाही टोचायला लागत." मालक म्हणाले, "आमच्या घरात सकाळी दोघांची शुगर बघत्यात, माझी आन बागंची. बागंची वाढली की आनंद, माझी वाढली की बोलणी." ऑक्टोबर छाटणीपासून साडेचार महिने झाले, आता फक्त हे आठ-दहा दिवस आभाळ येऊ नये. हे बोलताना तिघंही एकदम वर बघत होते, सवयच.

जेवण पिठलं, भाकरी, ठेचा. थोडी द्राक्षं. थोडी म्हणजे आईसमोर ताटभर. मी डोळे वटारले, तिने बघितलं नाही.

निघताना मी मावशींच्या नातवाच्या हातात पाचशेची नोट द्यायला गेले. मावशींनी ती घेऊन माझ्या सॅकच्या कप्प्यात परत कोंबली आणि म्हणाल्या, एवढंच वाटत असेल तर परत गाडीत वाकडं तोंड करून बसू नका. तांब्या मात्र घेतला. उलटसुलट करून बघितला, टिचकी मारून आवाज ऐकला, "जड आहे," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

बाहेर आल्या त्या ताट घेऊन. खण, तांदूळ, नारळाच्या जागी द्राक्षांचा घड, आणि करंडा. कुंकवाचं बोट आईच्या कपाळाकडे आलं तशी आई एक पाऊल मागे सरकली.

"मला नको. आमचे... नोव्हेंबरात गेले."

मावशींचा हात तसाच हवेत. सून माझ्याकडे बघतेय, मी जमिनीकडे. किती वेळ गेला माहीत नाही, कोपऱ्यात पंप चालू होता त्याचा आवाज येत होता. मला वाटलं आता त्या करंडा खाली ठेवतील, नुसतं नमस्कार करतील, तेही चाललं असतं, कुणाला वाईट वाटलं नसतं.

"वहीत वाचलं मी," मावशी म्हणाल्या. "म्हणजे सुनेनं वाचून दाखवलं. पुढची पानं कोरी हायेत. तवाच कळलं." आणि मग, "गडावरून आल्या ना? आईच्या दारातून माघारी आलेल्या बाईला रिकामं पाठवत नाही आमच्यात. पदर घ्या पुढं."

आईने पदर पुढे घेतला.

कुंकू लावून झाल्यावर मावशींनी ओटी भरली, पाच मुठी, सावकाश, द्राक्षाचा घड सगळ्यात वर. दोघींचे पण डोळे कोरडे होते, रडत होते ते मी आणि सून, ज्यांचा काही संबंध नाही.

पोराने फाट्यावर सोडलं, दोन किलोची द्राक्षाची पेटी सीटला बांधून. नाशिक, मग पुण्याची गाडी. आई खिडकीत, ओटीचं गाठोडं मांडीवर, पिशवी माझ्याकडे. पहिल्यांदाच माझ्याकडे. सिन्नरपर्यंत तिने पेटीतला एक घड संपवला होता, मी मोजत होते.

घरी पोचलो रात्री साडेदहाला. मंगळवारी सकाळी चहाच्या आधी मशीन काढलं, मी तिचं बोट टोचलं. 231.

"लिहू नकोस," आई म्हणाली. "प्रवासातला आकडा आहे, तो धरत नाहीत."

मी वही उघडली. ऑक्टोबरच्या शेवटच्या ओळीखाली तारीख टाकली, 231 लिहिलं. लाल पेन शोधायला वेळ लागला, बाबांच्या शर्टाच्या खिशात होतं, कपाटात. शेजारी लिहिलं, द्राक्षं.

आईने चष्मा लावून बघितलं. "भांडण पण लिही," म्हणाली.